तिकडे बघा

पहिल्या पानावर छापलेल्या फोटोत डावीकडे, अगदी जवळ, पाण्याबाहेर आलेला एका लहान मुलीचा हात होता. बोटं फाकलेली, मनगटावरून पाणी निथळतंय, आणि आकाराने तो मोठ्या माणसाच्या हाताएवढा दिसत होता. मध्ये निळं पाणी मैदानासारखं पसरलेलं. पार पलीकडे काठावर अंगठ्याच्या नखाएवढा एक माणूस. लाल बनियन, गळ्यात शिट्टी, मान दुसरीकडे वळलेली, तोंडावर हसू. वर मथळा होता, ‘हात इथे, लक्ष तिथे’.

मुलगी वाचली. थोडे दिवस दवाखान्यात राहून घरी गेली. ती बातमी आतल्या पानावर आली आणि फारशी कुणी वाचली नाही. फोटो मात्र सगळ्यांनी पाहिला, एकमेकांना पाठवला आणि त्याखाली मनाला येईल ते लिहिलं.

फोटोतला माणूस म्हणजे सार्वजनिक तलावावरचे मास्तर. पोहायला शिकवणं त्यांच्याकडे, काठावरची राखण त्यांच्याकडे, पाण्यात औषध टाकणंही त्यांच्याकडेच. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी कधी ना कधी पाण्यात ढकललं होतं. फोटो काढणारा त्या निम्म्यांपैकीच एक. लहानपणी तो शिडी सोडायला तयार नसायचा, तेव्हा मास्तरांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली होती. पुढे तो वर्तमानपत्रात छायाचित्रकार झाला. कचेरीत सगळे त्याला भिंग्या म्हणत, आणि ते ऐकल्यापासून मास्तरही भिंग्याच म्हणायला लागले होते.

आता मास्तरांना घरी बसवलं होतं. चौकशी समिती नेमली गेली होती. तिच्या निकालावर नोकरी राहणार की जाणार ते ठरणार होतं, आणि समितीपुढचा पहिला पुरावा होता भिंग्याचा फोटो.

त्या सकाळी खरोखर काय झालं होतं, ते दोनच माणसांना माहीत होतं. मास्तरांना आणि भिंग्याला.

सुट्टीतल्या पोहण्याच्या वर्गावर पुरवणीत एक पान करायचं होतं. काम साधं होतं. भिंग्याने त्याची आवडती फिशआय, म्हणजे माशाच्या डोळ्यासारखी फुगलेली लेन्स लावली होती. ही लेन्स जुन्या, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेली. तसल्या कॅमेऱ्यावर ती समोरचं सगळं दृश्य एका चौकटीत कोंबते आणि सरळ रेषांची धनुष्यं करून टाकते. कचेरीने दिलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा तुकडा, लहान. लेन्स जे दाखवते त्यातला मधला भाग तेवढा तो उचलतो. कडा बाहेर राहतात, त्यामुळे वाकडेपणाही बराचसा बाहेरच राहतो. उरलेला वाक संगणकावर सरळ करून घेता येतो. ‘मासा आहे, पण डोकं-शेपूट कापलेला,’ असं डेस्कवरचे लोक म्हणत. भिंग्याला तो कापलेला मासाच आवडायचा. एक खोड मात्र त्या लेन्समध्ये कायम होती. अगदी जवळ जाऊन फोटो काढला की पुढ्यातली वस्तू अंगावर येते, आणि चार पावलांवरचा माणूस दुसऱ्या गावाला गेल्यासारखा दिसतो.

तलावाच्या कोपऱ्याच्या अलीकडे भिंग्या उकिडवा बसला होता. कॅमेरा एका हातात, पाण्याच्या वर वीतभर. कोपऱ्याच्या पलीकडे मास्तर उभे होते. हाक मारायचीही गरज नव्हती, साधं बोललं तरी ऐकू जात होतं. ऊन भिंग्याच्या पाठीवर होतं.

कॅमेरा दिसल्यावर माणसं जे करतात तेच मास्तरांनी केलं. पोट आत घेतलं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

“मास्तर, माझ्याकडे नको,” भिंग्या म्हणाला. हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला म्हणत असे. “कॅमेऱ्याकडे बघू नका. तिकडे बघा, फळीकडे.” आणि मोकळा हात उंच करून त्याने उडी मारायच्या फळीकडे बोट दाखवलं.

“काय आहे तिकडे?”

“काही नाही. नुसतं बघा.”

“काही नाही, ते बघायचं? बरंय बाबा तुमचं.” मास्तर हसले, आणि त्यांनी फळीकडे बघितलं.

तेवढ्यात चौकटीच्या डाव्या कडेला एक हात वर आला. वर्गातली मुलं कॅमेरा दिसला की हात हलवतातच. फोटोत पुढे काहीतरी हवं असतं, नाहीतर नुसतं पाणी पाणी दिसतं. ते काहीतरी आपोआप चालून आलं, असं भिंग्याला वाटलं. हात नीट आत यावा म्हणून त्याने कॅमेरा किंचित डावीकडे नेला आणि बटण दाबलं.

मग बाकावर बसलेली एक बाई किंचाळली. मास्तर धावत आले आणि भिंग्याच्या खांद्याला गुडघा घासत त्याच्या अंगावरून पाण्यात गेले. हाताच्या सगळ्यात जवळ भिंग्याच होता. तो कॅमेरा भिजू नये म्हणून मागे सरकला होता.

कचेरीत फोटो उघडल्यावर त्याला काय काढलं गेलंय ते कळलं. डेस्कच्या प्रमुख बाई मागून वाकून बघत होत्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत.

“याच्यात सगळं आहे,” बाई म्हणाल्या. “एक शब्द लिहायला नको. पुरवणी गेली खड्ड्यात, हा पहिल्या पानावर.”

“बाई, मास्तर तसे नव्हते...”

“कसे नव्हते? तिकडे बघत नव्हते?”

“बघत होते.”

“हसत नव्हते?”

“हसत होते.”

“मग? पान छपाईला सोडायचंय, भिंग्या. तो काठ केळ्यासारखा वाकलाय, तेवढा सरळ कर.”

त्याने काठ सरळ केला. असं सरळ करताना कडा थोड्या कापल्या जातातच. उजव्या कोपऱ्यात फरशीवर त्याची स्वतःची सावली पडली होती. एवढ्या रुंद लेन्समध्ये फोटो काढणारा स्वतःच सापडतो, कधी बूट, कधी सावली. ही सावली हाताची होती. हात उंच, एक बोट लांब, आणि बोट जिकडे तिकडेच मास्तरांची नजर. सरळ करताना सावलीचं कोपर गेलं. पंजा आणि बोट राहिलं. ते घालवायला कड आणखी थोडी आत ओढावी लागणार होती.

त्याने ओढली. फोटोग्राफरची सावली फोटोत नसावी, हा नियम कुठलाही फोटोग्राफर सांगेल. भिंग्याने तो स्वतःला सांगितला आणि फोटो पाठवून दिला.

घरी त्याची मुलगी होती. ती त्याच वर्गात पोहायला जायची, त्या सकाळी तलावाच्या दुसऱ्या टोकाला होती. वर्ग बंद झाल्यामुळे ती तोंड पाडून बसली होती. तिने वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि फोटोवर बोट ठेवलं.

“बाबा, हे खोटं आहे.”

“खोटं कसं असेल? मी काढलाय.”

“मास्तर इतके लांब नव्हते. तलाव एवढा मोठा असता तर मला अजून पार करता आला नसता.”

स्वयंपाकघरातून त्याची बायको बाहेर आली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरीही उत्तराआधीची पायरी विचारायची. “आणि हा हात एवढा जवळ, म्हणजे तू त्याच्याजवळच होतास ना रे?”

“लेन्समुळे तसं दिसतं,” भिंग्या म्हणाला. “जवळचं जास्त जवळ, लांबचं जास्त लांब.”

“म्हणजे तू तेवढा जवळ नव्हतास, आणि ते तेवढे लांब नव्हते.”

“हो.”

“असं कुणाला सांगितलंस?”

भिंग्याने वर्तमानपत्राची घडी घातली. पण त्याच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं. ते तेवढे लांब नव्हते. हे सांगण्यासारखं होतं. हे सांगितलं तर मास्तरांचं नाव थोडं धुतलं जाईल. लोक हेच तर लिहीत होते ना, की इतक्या लांब उभा राहून राखण करतात का? दोष लेन्सचा, असं तो सांगू शकत होता. लेन्सचा दोष सांगायला लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. दोनतीन दिवसांत त्याला जेवण जाऊ लागलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी तो मास्तरांच्या घरी गेला. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत दोरीवर पोहण्याच्या टोप्या वाळत घातलेल्या. मास्तर जमिनीवर बसून पोहण्याच्या चष्म्यांचे तुटलेले पट्टे बदलत होते. कामावर नसले तरी चष्मे घरी आले होते.

“ये,” मास्तर म्हणाले. “आज गळ्यात काही नाही? मोकळा मोकळा दिसतोस.”

“आणला नाही.”

“बरं केलंस. हल्ली कॅमेरा बघितला की माझी मान आपोआप वळते.” ते हसले. मास्तरांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, आत भांडी घासत होत्या, त्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्याने.

भिंग्या म्हणाला, “मास्तर, त्या दिवशी...”

“हा पट्टा धर. ताण. अजून ताण, तुटत नाही.” मास्तरांनी पट्टा खाचेतून ओढून घेतला. “मुलगी कशी आहे तुझी? हात मारते, पण श्वास चुकीच्या बाजूला घेते. तिला सांग, घाई नको.”

“सांगतो.”

“काकू, चहा टाका हो. आपला पेपरवाला आलाय.”

“आपला?” आतून आवाज आला. चहा मात्र आला. कप ठेवताना काकूंनी भिंग्याकडे बघितलं नाही.

तासभर बसून भिंग्या त्या दिवसाबद्दल काही न सांगताच उठला. दारात त्याने विचारलं, “उद्या काय सांगणार आहात तुम्ही?”

“मी? मी काय सांगणार. युनियनचा माणूस बोलणार आहे. मी गप्प बसायचं, असं ठरलंय.” मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जिथे त्या दिवशी गुडघा घासला होता तिथेच. “तूही गप्पच बस. झालं ते झालं.”

रस्त्याने जाताना भिंग्याने त्या वाक्याचा आपल्याला झेपेल तेवढाच अर्थ काढला. मास्तर मनाचा मोठेपणा दाखवताहेत. म्हणूनच आपण गप्प बसता कामा नये. उद्या जाऊन लेन्सबद्दल सांगायचं. बोटाबद्दल मास्तरच काही बोलत नाहीत, तर आपण कशाला?

चौकशी तलावाच्याच कचेरीत होती. औषधाचा वास असलेली खोली, भिंतीला टेकवलेले, धरून पोहायचे फुटके तरंगफळे, एक लांब टेबल. टेबलामागे तिघं होते. मध्ये अध्यक्षबाई, एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला इंजिनियर. भिंग्या पोचला तेव्हा युनियनचा माणूस उभा होता. अंगाने काडीसारखा, आवाज नगाऱ्यासारखा. त्याने फोटो मोठा करून आणला होता आणि तो हातात उंच धरला होता.

“हे बघा अंतर!” तो म्हणत होता. “एक माणूस आणि हा एवढा समुद्र! शिकवायचं त्यानेच, राखायचं त्यानेच. दुसऱ्या रक्षकाची जागा कधीपासून रिकामी आहे ते विचारा व्यवस्थापकांना. या टोकाला उभा असलेला माणूस त्या टोकाचा हात कसा बघणार? मान वळवली म्हणता? अहो, एवढा तलाव सांभाळायचा तर मान सगळीकडे वळवावीच लागते!”

इंजिनियर मान डोलावत होते. डॉक्टरांनी व्यवस्थापकाकडे बघितलं. व्यवस्थापक रुमालाने मानेवरचा घाम पुसत होता. मास्तर भिंतीपाशी खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. भिंग्या आत आलेला बघून त्यांनी हलकेच मान हलवली. नको, अशी.

भिंग्याला ती खूण दिसली. हात वर करून तो म्हणाला, “मला बोलायचंय. हा फोटो मी काढलाय.”

युनियनच्या माणसाचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “तुम्हाला कुणी बोलावलंय?”

“बोलू द्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

भिंग्याने सांगितलं. या फोटोतलं अंतर खरं नाही. अशी लेन्स लांबच्या माणसाला आणखी लांब ढकलते. कॅमेरा सोबत आणलाय, हवं तर आत्ता दाखवतो. त्याला बरं वाटत होतं. त्या दिवसापासून पहिल्यांदाच त्याचा आवाज नीट निघत होता.

सगळे बाहेर काठावर आले. पाणी रिकामं, स्वच्छ, हलत नव्हतं. मास्तर ज्या फरशीवर उभे होते तिथे भिंग्याने अध्यक्षबाईंना उभं केलं. स्वतः पूर्वीच्याच जागी उकिडवा बसला. कडेला डॉक्टरांना हात पुढे धरायला सांगितलं. एकदा फिशआय लावून फोटो काढला, एकदा साधी लेन्स लावून. मग दोन्ही फोटो पडद्यावर दाखवले.

“अगं बाई,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मी एवढी लांब दिसते?”

“आणि बारीकही,” डॉक्टर म्हणाले. “हा कॅमेरा कुठे मिळतो?”

सगळे हसले. भिंग्याही हसला. युनियनचा माणूस हसला नाही. मास्तर पाण्याकडे बघत होते.

अध्यक्षबाई पुन्हा त्या फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “मी बोलते ते तुम्हाला ऐकू येतंय?”

“येतंय,” भिंग्या म्हणाला.

“मला इथून डॉक्टरांच्या बोटातली अंगठीसुद्धा दिसते.” त्यांनी थोडा वेळ त्या अंगठीकडे बघितलं आणि मग मास्तरांकडे वळल्या. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही इतके जवळ होतात. मग तुम्हाला दिसलं कसं नाही?”

युनियनच्या माणसाने हातातला मोठा फोटो गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळताना तो भिंग्याच्या कानाशी म्हणाला, “लांब होता म्हणून वाचत होता तो. तुम्ही आणलंत त्याला जवळ. शाबास.”

भिंग्याला त्या क्षणी आदल्या दिवशीचं ‘गप्पच बस’ पुन्हा ऐकू आलं, आणि या वेळी सगळं ऐकू आलं. अंतर हेच मास्तरांचं पांघरूण होतं. ते खोटं होतं, पण त्यानेच विणलेलं होतं. आज सगळ्यांसमोर, हसत हसत, त्याने ते ओढून काढलं होतं. तेही स्वतःला ऊब मिळावी म्हणून.

“कुठे बघत होतात?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“फळीकडे,” मास्तर म्हणाले.

“फळीवर कोण होतं?”

“कुणी नाही.”

“मग काय बघत होतात?”

“काही नाही. नजर गेली.” मास्तरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. शिट्टी काढून घेतली होती, दोरी तेवढी राहिली होती. “चूक झाली. लिहून घ्या.”

इंजिनियरनी पेन काढलं.

भिंग्या अजून उकिडवाच बसला होता. बसल्या बसल्याच तो म्हणाला, “मी सांगितलं होतं.”

“काय?”

“तिकडे बघा, असं मी सांगितलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे बघितलं असतं तर मध्ये ती मुलगी होती, त्यांना दिसली असती. मी म्हटलं, माझ्याकडे नको, तिकडे बघा. फोटो चांगला यावा म्हणून.”

इंजिनियरचं पेन थांबलं. मग अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या, “मघाशी तुम्ही म्हणालात लेन्स. आता म्हणता मी. तुमची मुलगी यांच्याकडे शिकते?”

“हो.”

“तुम्हालाही यांनीच शिकवलं?”

“हो.”

“मग तुम्ही आज त्यांच्यासाठी काहीही बोलाल. नाही का?”

“फोटोत आहे,” भिंग्या म्हणाला.

“फोटो आम्ही पाहिलाय. त्यात तुम्ही नाही.”

“छापला त्यात नाही.”

तलावाच्या कचेरीत परत आल्यावर त्याने पिशवीतून संगणक काढला आणि मूळ फोटो उघडला. काठ धनुष्यासारखा वाकलेला, पाणी फुगलेलं. उजव्या कोपऱ्यात फरशीवर काळी सावली, खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, स्पष्ट. डॉक्टरांनी बोटाच्या पुढे हवेत एक रेघ ओढली. ती फळीपाशी गेली. मग मास्तरांच्या नाकापासून दुसरी ओढली. तीही तिथेच गेली.

“ही सावली छापताना कुठे गेली?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“कापली.”

“कुणी?”

“मी.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मास्तर म्हणाले, “बाई, त्याने सांगितलं असेल. पण मान माझी होती. कुणी सांगितलं म्हणून काठावरच्या माणसाने वळायचं नसतं. पोरांना हेच शिकवतो मी.”

“ते आम्ही लिहू,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “दोन्ही लिहू.”

त्यांनी दोन्ही लिहिलं. मास्तरांची नोकरी राहिली. त्यांच्या नावावर ठपका बसला आणि शिकवण्याचं काम काढून घेतलं. आता फक्त राखण. दुसरा रक्षक नेमायला व्यवस्थापकाला भाग पाडलं. वर्ग चालू असताना काठावर फोटो काढायला बंदी झाली, तशी पाटी दारावर लागली.

वर्तमानपत्राच्या कचेरीत बाईंनी मूळ फोटो आतल्या पानावर छापला, खाली चार ओळींची दिलगिरी. “कात्री तुझी, तोंड काळं आमचं,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता, “मीही विचारायला हवं होतं, ते कुठे बघत होते म्हणून.” भिंग्याला बातम्यांवरून काढून जाहिरात विभागात टाकलं. तिथे तो साबणाचे आणि पंख्यांचे फोटो काढू लागला. त्यांना कुठे बघा म्हणून सांगावं लागत नाही. फिशआय लेन्स त्याने कपाटात ठेवली. विकायला काढावी असं वाटायचं, पण घेणाऱ्याला ती कशी आहे हे सांगावं लागलं असतं.

वर्ग पुन्हा सुरू झाल्यावर मुलीला तलावावर सोडायला तो पहिल्यांदा गेला, तेव्हा दारावरच्या पाटीपाशी उगाच थांबला. खिसे चाचपले. मग आत गेला.

नव्या शिक्षकाभोवती मुलं गोळा झाली होती. ज्या मुलीचा हात फोटोत होता, ती त्यांच्यात नव्हती. ती अजून पाण्यात उतरत नाही, असं भिंग्याच्या मुलीने घरी सांगितलं होतं. बाकावर आया बसल्या होत्या, त्यातली एक त्याला ओळखून दुसरीच्या कानाशी लागली. मास्तर कोपऱ्याच्या पलीकडे, त्याच फरशीवर उभे होते. गळ्यात नवी शिट्टी.

भिंग्या कोपऱ्याच्या अलीकडे थांबला. पुढे जाववेना.

“मास्तर,” तो म्हणाला.

मास्तर वळले नाहीत. त्यांची नजर पाण्यावर फिरत राहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत.

“बोल,” ते म्हणाले. “कान मोकळे आहेत.”

“एक राहिलं सांगायचं. समितीपुढे नाही सांगितलं.” भिंग्याने फरशीकडे बघितलं. ऊन पाठीवर होतं, सावली समोर पडली होती. त्याने हात मागे बांधले. “तो हात मला दिसला होता. आधीच. मला वाटलं, पोरगी खेळतेय. मी कॅमेरा सरकवून तो आत घेतला.”

एका मुलाने मध्येच बुडी मारली. मास्तरांनी तो वर येईपर्यंत वाट बघितली.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“कसं?”

“पेपरात बघितलं तेव्हाच. हात कसा बरोबर कडेला बसलाय. कापलेला नाही, सुटलेला नाही.” त्यांनी शिट्टी तोंडात धरली, फुंकली नाही, पुन्हा सोडली. “तुझ्या चौकटीत काही आपलं आपण येत नाही, भिंग्या. एवढं कळतं मला.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

समोरच्या रांगेत भिंग्याची मुलगी पाण्यात उतरली होती. तिने हात मारला, मान वळवली, आणि श्वास पुन्हा चुकीच्या बाजूला घेतला. मास्तरांना आता शिकवायची परवानगी नव्हती. तरी त्यांचा उजवा हात हवेत किंचित उठला आणि मान कशी वळवायची ते दाखवून गेला. तिला ते दिसलं नाही. हात खाली आला.

भिंग्या तिथेच उभा राहिला. जायला कुणी सांगितलं नव्हतं, थांबायलाही नाही. थोड्या वेळाने तोही पाण्याकडे बघू लागला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत.